तांबट आळी बघायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारवाडा बघायला पुण्याबाहेरून माणसं येतात, दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढतात, आत हिरवळीवर थोडं फिरतात आणि रिक्षा पकडून निघून जातात. तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर, कसबा पेठेच्या पोटात, तांबं ठोकणाऱ्यांची एक आळी आहे. माझं लहानपण कसब्यातच गेलं. त्यामुळे ओळखीपाळखीचे, त्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे आळी बघायला निघाले की मला फोन करतात. गेल्या काही वर्षांत ज्या प्रश्नांची उत्तरं पुन्हा पुन्हा दिली, ती इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

तांबट आळी नेमकी कुठे आहे? शनिवारवाड्यापासून कसं यायचं?

शनिवारवाड्याच्या पटांगणातून निघून लाल महालावरून कसबा गणपतीकडे यायचं. गणपतीचं दर्शन घेऊन पेठेत आणखी आत शिरायचं आणि कुठल्याही किराणा दुकानात "तांबट आळी कुठं?" असं विचारायचं. कसब्यात पत्ता विचारला तर माणसं दुकानाची पायरी उतरून हात करून दाखवतात. त्यातूनही चुकलात तर मिनिटभर उभं राहून ऐका. आवाजाच्या दिशेनं चालत गेलं की आळी सापडतेच. लहानपणी शाळेतून घरी येताना आम्ही डोळे मिटून हा खेळ खेळायचो.

मेट्रोने येणार असाल तर कसबा पेठ याच नावाचं भुयारी स्थानक सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालं आहे. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची.

गाडी आणली तर चालेल का?

चारचाकी अजिबात आणू नका. आळी अरुंद आहे, दोन्ही बाजूंनी दुचाक्या लागलेल्या असतात आणि मधूनच पत्र्याची हातगाडी येते. गाडी लांब कुठेतरी वाहनतळावर लावा आणि चालत या. पायातलं जोडं साधं असू द्या.

शनिवारवाडा आणि तांबट आळी यांचा संबंध काय?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण बहुतेकांना या दोन वेगवेगळ्या गोष्टी वाटतात.

कसबा ही पुण्याची सगळ्यात जुनी पेठ. शनिवारवाड्याचा पाया खणला गेला तो १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी. वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ रोजी, तीही शनिवारीच. सुरुवातीचा खर्च १६,११० रुपये आला असं सांगतात. पहिल्या बाजीरावांनी पुण्याला मुक्काम हलवला आणि त्या मुक्कामाबरोबर शहराची गरजच बदलून गेली. पेशव्यांची मुदपाकखान्याची भांडी, देवघरातली उपकरणी, नगारे, देवळांचे कळस, सरदारांच्या वाड्यांतले हंडे, घंगाळं, पिंपं हे सगळं कुणीतरी घडवायला हवं होतं. तांबट कुटुंबं कोकणातून घाट चढून इथे आली ती या मागणीमुळे. तोफा, नाणी आणि शिक्के घडवण्यातही तांबटांचा हात होता असं आळीतली जुनी माणसं अभिमानानं सांगतात.

एकट्या तांबटांचीच ही गोष्ट नाही. कसब्याचा नकाशा उघडा आणि नावं वाचा: शिंपी आळी, भोई आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा, फणी आळी. सत्ता जिथे बसते तिच्याभोवती हात वापरणारी माणसं गोळा होतात आणि प्रत्येक धंद्याची एक आळी होते. यातल्या कित्येक नावांमागचा धंदा आता उरलेला नाही. फणी आळीत आज फण्या घडताना दिसणार नाहीत, कागदीपुऱ्यात हातकागदाचा लगदा दिसणार नाही. तांबट आळीत मात्र तांबं अजून वाजतंय.

आणि वाड्याचं काय झालं ते तुम्ही बघून आलाच असाल. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आतल्या इमारतीला आग लागली, ती सात दिवस धुमसत होती. तटबंदी, दरवाजे, नगारखाना, जोती आणि कारंज्यांचे हौद तेवढे राहिले. ज्या वाड्यासाठी ही आळी वसली तो वाडा आज जोत्यांवरून कल्पनेनं उभा करावा लागतो, आणि त्याला भांडी पुरवणारी आळी मात्र रोज सकाळी भट्टी पेटवते. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते, वाडा बघून इथे या. वाड्यातल्या रिकाम्या जोत्यांवर कसली माणसं, कसली भांडी, कसला गलका असेल, हे आळीत आल्यावर जास्त कळतं.

शनिवारवाडा हा "राजवाडा" म्हणायचा का?

काटेकोर बोलायचं तर नाही. राजे छत्रपती, त्यांची गादी साताऱ्याला. पेशवे हे त्यांचे पंतप्रधान. म्हणून पुण्यातला माणूस "वाडा" म्हणतो, राजवाडा म्हणत नाही. एक आख्यायिका अशी की सगळी इमारत दगडात बांधायचा बेत होता, पण दगडी वाडा छत्रपतींनाच शोभतो असा आक्षेप आल्यानं वरचं काम विटांत केलं. तटाकडे नीट पाहिलंत तर खाली दगड आणि वर वीट ही जोडणी स्पष्ट दिसते. आख्यायिका खरी असो वा नसो, ती आठवून तट बघायला मजा येते.

तांबट आणि कासार एकच का?

बोलताना लोक सरमिसळ करतात. आळीतला तांबट समाज स्वतःला त्वष्टा कासार म्हणवतो. त्वष्टा म्हणजे देवांचा कारागीर, इंद्राचं वज्र घडवणारा. तांब्याचं काम करतो तो तांबट, इतका साधा अर्थ रोजच्या बोलण्यात पुरेसा आहे. बांगड्या भरणारा तोही कासारच, त्यामुळे गोंधळ होतो. आळीत गेल्यावर "तुम्ही कासार का?" असं विचारण्यापेक्षा "तांब्याचं काम तुम्हीच करता ना, काका?" असं विचारा. बोलणं लगेच सुरू होतं.

आळीत बघण्यासारखं आहे तरी काय? म्युझियम आहे का?

म्युझियम नाही. फलक नाहीत, माहिती देणारी यंत्रं नाहीत. घरांच्या तळमजल्यावर, ओसरीवर, कधी जिन्याखालच्या खोलीत चाललेली काम करायची जागा आहे. ते काम बघायचं.

एका जागी थांबून बघा, घाईनं सगळी आळी पालथी घालू नका. एका माणसाच्या हातातलं एक भांडं सुरुवातीपासून बघितलं तर बाकीच्या दहा दुकानांत काय चाललंय ते आपोआप कळतं. मी शेवटची गेले तेव्हा एक काका कळशीचा गळा घडवत होते. तांब्याचा पत्रा आधी गोल कापलेला. तो ठोकत ठोकत वर उचलायचा. पण तांबं ठोकलं की कडक होतं, दहा-वीस मिनिटांत ते ऐकेनासं होतं. तसंच ठोकत राहिलं तर चिरतं. म्हणून ते भट्टीत घालून लाल होईस्तोवर तापवायचं. तापवलं की पुन्हा मऊ. मग पाण्यात बुडवायचं, चर्रर्र आवाज होतो, वरची काळी पापडी सुटते आणि आतला गुलाबी रंग दिसतो. पुन्हा ठोकायचं. एका भांड्याला हे किती वेळा करावं लागतं ते आकारावर अवलंबून. लोखंडाचं उलट असतं: लाल तापवून पाण्यात बुडवलेलं पोलाद कडक होतं, तांबं मऊच राहतं. हा फरक त्या काकांनी मला भांडं हातात देऊन दाखवला. आधी दाबून बघायला लावलं, अंगठ्यानं ते हललंही नाही. तापवून गार केल्यावर पुन्हा हातात दिलं, आणि कड माझ्यासारखीच्या बोटांनी वाकली.

कधी तापवायचं ते त्यांना कसं कळतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आवाज बदलतो." मग दोन ठोके देऊन ऐकवले. मला फरक कळायला चार वेळा ऐकावं लागलं: मऊ तांब्याचा ठोका बसका असतो, कडक झालेल्या तांब्याचा ठणकतो.

"मठारकाम" हा शब्द ऐकला. ते काय असतं?

तांब्याच्या भांड्यावर ओळीनं छोटे छोटे चपटे ठसे दिसतात, उजेड पडला की हिऱ्याच्या पैलूंसारखे चमकतात. ते मठारकाम. पुण्याच्या तांबटांची ही खरी ओळख.

पुष्कळांना ती नुसती नक्षी वाटते. तशी ती नाही. भांड्याचा आकार झाला, जोड झाळून म्हणजे धातू वितळवून सांधून झाले, आंबट पाण्यात भांडं उजळलं, की ते खरवईवर चढवतात. खरवई म्हणजे लांब लोखंडी दांडा, त्याच्या टोकावर भांडं आतून टेकतं. आता बाहेरून हातोडीनं एकाशेजारी एक असे ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्याची कड आधीच्या ठोक्याच्या कडेला टेकली पाहिजे. मध्ये फट नको, एकावर एक चढायला नको. एका हातानं भांडं किंचित फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हाताची लय सोडायची नाही. शेवटच्या या ठोक्यांनी तांबं कडक होतं, म्हणजे भांडं वापरात चेपत नाही. जोड आणि उंचसखलपणा झाकला जातो. आणि झळाळी येते ती वरून.

जवळ गेलात तर हातोडीचं तोंड बघा. आरशासारखं गुळगुळीत असतं. त्यावर एक ओरखडा असेल तर तो प्रत्येक ठोक्यात भांड्यावर उमटेल. त्यामुळे तांबट आपली मठारायची हातोडी दुसऱ्याला सहजासहजी देत नाही, आणि आपणही ती हात लावून बघू नये. भांडं मागा, हातोडी मागू नका.

एक युक्ती सांगते. मठारलेला तांब्या हातात घ्या आणि ठशांची एक ओळ नजरेनं गळ्यापासून बुडापर्यंत उतरवत आणा. गळ्याशी ठसे बारीक असतात, पोटाशी मोठे होतात, बुडाशी पुन्हा बारीक. भांड्याची गोलाई वाढते-घटते तसा ठोका लहान-मोठा करावा लागतो. हे कुठे आखलेलं नसतं. अशी एक ओळ नीट पाहिल्यावर यंत्रावर उठवलेले सारख्या मापाचे ठसे आणि हातचे ठसे यात पुन्हा कधी तुमची गल्लत होणार नाही.

कोणत्या वेळी यावं?

सकाळी दहा ते साडेबारा ही वेळ चांगली. दुपारी जेवणाची आणि घटकाभर पडायची वेळ असते, तेव्हा कुणाला उठवू नये. चारनंतर पुन्हा काम सुरू होतं.

शनिवारवाडा सकाळी लवकर उघडतो, त्यामुळे आधी वाडा आणि मग आळी हा क्रम जमतो. उन्हाळ्यात वाड्याच्या आत सावली फार कमी, हे लक्षात ठेवून तो लवकर उरकावा.

आणि सणावारी?

धनत्रयोदशीला भांडं घ्यायची रीत आहे, त्यामुळे दिवाळीच्या आधीचे दिवस कामाचे. बघायला भरपूर मिळतं, बोलायला कुणाला सवड नसते. गुढीपाडव्याच्या आधी गुढीवरच्या तांब्यांची गडबड असते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी काम बघायला मिळेल या आशेवर येऊ नका. पण धुऊन पुसून, हळदकुंकू वाहून मांडून ठेवलेल्या हातोड्या आणि मोगऱ्या, म्हणजे लाकडी हातोडे, बघणं हेही मोठं भाग्य आहे. कुणी बोलावलं तर जरूर जा.

गणेशोत्सवात कसब्यात पाय ठेवायला जागा नसते. कसबा गणपती मानाचा पहिला, विसर्जनाची मिरवणूक त्याच्यापासून सुरू होते. त्या दहा दिवसांत उत्सवासाठी या, आळी नंतर बघा.

आवाज फार असतो का? लहान मुलांना आणावं का?

आवाज असतो, आणि बंद खोलीत तो चांगलाच बोचतो. तान्ह्या बाळाला आणू नका. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांना जरूर आणा, पण भट्टीपासून आणि पत्र्याच्या कातऱ्या कडांपासून हात धरून लांब उभं करा. अर्ध्या तासात बाहेर मोकळ्यावर घेऊन या.

जरा थांबून हेही ध्यानात घ्या की आपण अर्ध्या तासात कान दाबतो, आणि ही माणसं चाळीस-चाळीस वर्षं त्यात बसलेली आहेत. वयस्कर तांबटांशी बोलताना थोडं मोठ्यानं आणि समोर तोंड करून बोला. पुष्कळांना कमी ऐकू येतं. तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागला तर चिडू नका.

तिकीट लागतं का? गाइड घ्यावा का?

शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे तिकीट आहे. आळीत कसलं तिकीट? तो रहदारीचा रस्ता आहे, लोक राहतात. जुन्या पेठांतून पायी फिरवणारे जाणकार पुण्यात आहेत. इतिहास सविस्तर ऐकायचा असेल तर त्यांच्याबरोबर या. पण दहा-पंधरा जणांचा घोळका घेऊन एकाच दारासमोर उभं राहिलं की आत उजेड जात नाही आणि काम थांबतं. दोघं-तिघं असाल तर सगळ्यात बरं.

फोटो, व्हिडिओ काढले तर चालतात का?

विचारून काढा. "दादा, काढू का एक?" इतकं पुरतं, सहसा कुणी नाही म्हणत नाही. विचारायच्या आधी कॅमेरा वर करू नका. मी एकदा बघितलं: एका पाहुण्यानं भट्टीजवळच्या माणसाला "जरा पुन्हा ठोका, उजेड नीट आला नाही" असं तीनदा सांगितलं. जादा ठोक्यांनी तांबं तोवर कडक होऊन गेलं. त्या माणसानं काही न बोलता भांडं पुन्हा भट्टीत सारलं. मला त्या पाहुण्यांना घेऊन आल्याची लाज वाटली. कोळसा आणि वेळ दोन्ही त्याचेच जातात.

घरातल्या बायका, वाळत घातलेले कपडे, उघडी स्वयंपाकघरं यांचे फोटो काढू नका. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

काय विकत घ्यावं?

घ्यायलाच पाहिजे असं नाही. पण ज्याच्या दारात अर्धा तास उभे राहिलात त्याच्याकडून निदान एक छोटं भांडं घेऊन जावं असं मला मनापासून वाटतं. पाण्याचा तांब्या-भांडं, ताम्हन, पळी-पंचपात्र, मोठ्या घरासाठी घंगाळ किंवा पिंप. आजकाल दिव्यांच्या शेड्स, तबकं, कुंड्या, वाडगे अशाही वस्तू होतात. जुन्या वास्तू आणि कला जपण्याचं काम करणाऱ्या इन्टॅक संस्थेच्या पुणे शाखेनं तांबटांबरोबर काम केलं, नव्या धाटणीच्या वस्तू आणल्या, त्यानं मठारकामाला नवं गिऱ्हाईक मिळालं.

भाव वजनावर असतो, त्यात मजुरी धरलेली असते. मठारलेलं भांडं साध्यापेक्षा महाग पडतं, कारण त्यावर अख्खे तास गेलेले असतात. तांब्याच्या भावात घासाघीस करून उपयोग नाही, तो बाजारात ठरतो. म्हणजे तुम्ही जे कमी करायला लावता ते त्या माणसाच्या मजुरीतून जातं. घरात जुनं तांबं-पितळ पडून असेल तर ते मोडीत देऊन नवं घेता येतं का, ते विचारा.

खरं तांबं कसं ओळखायचं?

लोहचुंबक लावून बघा. तांब्याला चुंबक चिकटत नाही, आत लोखंड असून वर नुसता मुलामा असेल तर चिकटतो. भांडं उचलून वजन बघा, तांबं हाताला जड लागतं. बुडाशी किंवा आतल्या कडेला रंग बघा, मुलामा तिथे आधी उडतो. आणि वाजवून बघा. आळीत आलाच आहात तर कान एवढ्यात तयार झालेला असेल.

पाणी प्यायचं भांडं घेताना आतून लॅकर मारलेलं नाही ना, एवढं विचारून घ्या. शोभेच्या वस्तूंवर चमक टिकावी म्हणून तो मारतात.

तांब्याच्या भांड्यात स्वयंपाक करता येतो का?

कल्हई असेल तर येतो. कल्हई म्हणजे भांड्याच्या आतून दिलेला कथिलाचा पातळ थर. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकून आतली बाजू स्वच्छ करतो, कथिलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्यानं भराभर फिरवतो. कथिल २३२ अंशांवरच वितळतं, म्हणून ते इतकं पटकन पसरतं. काळं पडलेलं पातेलं आतून चांदीसारखं पांढरं झालेलं बघायचा तो एक क्षण असतो, तो चुकवू नका.

कल्हई नसलेल्या तांब्यात किंवा पितळेत ताक, चिंचेचं सार, लिंबू, टोमॅटो असलं आंबट काही ठेवू नये. ते कळकतं. जुन्या बायका हा शब्द सहज वापरायच्या, "आमटी कळकली गं" म्हणायच्या. आंबटानं तांबं अन्नात उतरतं, मळमळतं, उलट्या होतात. साधं पाणी ठेवायला हरकत नाही. कल्हई वापरानं झिजते, आत लालसर दिसायला लागलं की पुन्हा करून घ्यायची.

घासायला चिंच आणि मीठ. घासल्यावर लगेच स्वच्छ धुऊन कोरडं पुसायचं, नाहीतर हिरवे डाग पडतात.

यंत्रं आल्यावर हा धंदा संपला, असं ऐकलं. खरं आहे का?

संपलेला नाही, आटला आहे. आधी ॲल्युमिनियम आलं, मग स्टील आलं, मग प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. गीझर आले आणि पाणी तापवायचे बंब गेले. न्हाणीघरं गेली आणि घंगाळं गेली. साचा आणि लेथवर भांडं मिनिटांत उतरतं. खुद्द आळीतही काही काम यंत्रावर होतं आणि त्यात वाईट काही नाही, जे काम हातानं पाठ मोडतं ते यंत्रानं केलं तर बिघडत नाही. मठारायला मात्र माणूसच लागतो.

नदी जवळ, त्यामुळे कसब्यानं पाणीही सोसलं आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत घुसलं. माझी आजी सांगायची, पाणी उतरल्यावर चिखलात रुतलेली भांडी महिनाभर सापडत होती. जी तांब्याची होती ती घासून पुन्हा वापरात आली.

आता खरी अडचण शिकणाऱ्यांची आहे. हात बसायला वर्षं लागतात, तोवर मिळकत कमी. शिकलेला मुलगा ऑफिसात जातो, आणि त्याला दोष कोण देणार? त्याच्या बापानंच त्याला शिकवलंय. तरीही काही तरुण मुलं आळीत बसलेली दिसतात. त्यांच्याशी दोन शब्द बोला. काम बघून "छान" म्हणा. फार मोठी गोष्ट नाही, पण मी त्यांचे चेहरे बघितले आहेत.

आळीबरोबर आणखी काय बघता येईल?

कसबा गणपती वाटेतच आहे. लाल महालही, पण आजची इमारत महापालिकेनं विसाव्या शतकात नव्यानं उभी केलेली आहे. शिवाजी महाराजांनी १६६३ साली शाहिस्तेखानावर छापा घातला तो मूळ लाल महाल आज उभा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

थोडं पुढे सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती आहे, आणि तिथे गेलंच पाहिजे. अठराव्या शतकातलं काळ्या दगडाचं छोटं देऊळ. मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडानं बांधणारा इंग्रज शिपाई कोरला आहे, तो शोधा. पुष्कळ पुणेकरांनीही तो बघितलेला नाही.

हातात वेळ असेल तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. जुन्या घरांतले दिवे, अडकित्ते, भांडी तिथे मांडली आहेत. आळी आधी आणि संग्रहालय नंतर बघितलंत तर काचेमागच्या भांड्यावरचे ठसे तुम्हाला वाचता येतील.

तांबट नावाचा पक्षी असतो, त्याचा आणि आळीचा काही संबंध?

नाव आळीवरून नाही, धंद्यावरून पडलेलं. हिरवा, चिमणीहून थोडा मोठा, छातीवर आणि कपाळावर तांबडा ठिपका. वडा-पिंपळावर बसून "टुक, टुक, टुक" असं एका लयीत तासन्‌तास ओरडतो. लांब कुणीतरी तांबं ठोकतंय असंच वाटतं. उन्हाळ्यात शनिवारवाड्याच्या आसपासच्या झाडांखाली थांबून ऐका, मग आळीत या.

आमच्या गावच्या घरात आजीचा जुना बंब पडून आहे. दुरुस्त होईल का?

बहुतेक होईल. मोडीत घालायच्या आधी एकदा आळीत आणून दाखवा. बंबाला मधे विस्तवाची नळी असते, तिच्याभोवती पाणी, खाली राख पडायची जाळी. एका बाजूनं गार पाणी ओतलं की दुसऱ्या बाजूच्या तोटीतून कढत पाणी येतं, आणि ओतल्याशिवाय येत नाही, त्यामुळे बंब कधी रिकामा होऊन जळत नाही. बिघडतो तो बहुधा दोन ठिकाणी: नळीचा जोड सुटतो किंवा तोटी गळते. दोन्ही झाळून नीट होतं. चेपलेलं पोट आतून ठोकून वर काढतात.

आणताना पाण्यानं भरून बघा आणि जिथून गळतं तिथे खडूनं खूण करून आणा, तांबटाचा अर्धा वेळ वाचतो. आमच्या बंबाला खूण केली होती ती तोटीपाशी, काकांनी तो उजेडाकडे धरला, आतून नखानं टिचकी मारली आणि म्हणाले, "ताई, तोटी चांगली आहे. वरचा जोड सुटलाय, पाणी ओघळून तोटीपाशी दिसतंय." चार दिवसांनी बंब मिळाला. जोडावर बोटभर जागेत त्यांनी नव्यानं मठारलं होतं, आणि जुन्या ठशांत ते नवे ठसे मला अजून शोधावे लागतात.